आपल्या माणसाचं ऑफिस

जयवंतला ऑफिस हवं होतं, पण बसायला नव्हे. बसायला त्याची भोईवाड्याच्या चाळीतली खोली होती. तिथे तो कापड बेतायचा आणि अकरा बायका ते घरी नेऊन शिवायच्या. एप्रन, उशांचे अभ्रे, असलं किरकोळ. पण या पावसाळ्यात खाजगी हॉस्पिटलं चालवणाऱ्या एका कंपनीने रुग्णांचे गाऊन शिवायचं वर्षभराचं काम त्याला कबूल केलं. अट एवढीच, की दहा सप्टेंबरच्या आत जीएसटी नंबर हवा. नंबरासाठी धंद्याची जागा दाखवावी लागते आणि चाळीचा मालक कागदावर सही करेना. भाडेकरू अजून जिवंत आहेत, हेच त्याला मान्य नाही.

एका कंपनीत आम्ही एकोणतीस वर्षं काढली, तो स्टोअरमध्ये आणि मी हिशेबात. त्यामुळे त्याचे कागद माझ्याकडे आले. मी म्हटलं, हल्ली तयार ऑफिसं मिळतात. टेबल, वीज, वायफाय, दारात बसायला एक हसरी मुलगी, सगळं महिन्याच्या दरात. नुसता पत्ता घेतला तर आणखी स्वस्त. जुलैअखेर आम्ही जागा बघायला निघालो.

पहिली जागा लोअर परळच्या टॉवरमध्ये. येणाऱ्याने दारातल्या यंत्रावर नाव टाकायचं, यंत्र त्याचा फोटो काढणार आणि ज्याला भेटायचं त्याला निरोप जाणार. पत्ता घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या यंत्रात. मला जागा एकदम पटली. माणूस रजेवर जातो, यंत्र जात नाही. पण रिसेप्शनवरच्या मुलीने जयवंतच्या हातातली कापडी पिशवी बघितली आणि "डिलिव्हरी?" असं विचारून मालाच्या लिफ्टकडे बोट केलं. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. दर मात्र पूर्ण ऐकून घेतले, न घेणारं गिऱ्हाईक ऐकून घेतं तसे.

दुसरी जागा वडाळ्याला. भाडं निम्मं, खिडकीतून मिठागरं, आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिने. जीएसटीचा अधिकारी जागा तपासायला आला तर दुसऱ्या मजल्यावरच शेरा लिहून परत जाईल, असं मी म्हटलं.

तिसरी हिंदमात्याला, साड्यांच्या दुकानांवर. टेबलामागे कौसल्या बसलेली, पस्तिशीतली, कणकवलीकडची. जयवंतने आडनाव सांगताच तिने गाव विचारलं, वाडी विचारली, मग त्याच्या मावशीची सासुरवाडी काढली. पाचव्या मिनिटाला चहा आला. सातव्या मिनिटाला मला कळलं की जागा ठरली. माणूस व्यवहार कशावर करतो याची मी आयुष्यभर टिपणं ठेवली आहेत. दर बघून केलेले व्यवहार त्यात फार कमी निघतील.

दारातल्या फलकावर नावाची पाटी लावायचे महिन्याला पाचशे वेगळे होते. जयवंतने पाकीट काढलं, तर तिनेच हात आडवा केला.

"पाटयेचे पैशे कशाक घालवतास काका? मी आसय मां हयसर. कोणी इचारल्यान तर मीच सांगतलंय."

वर्षाचे सहा हजार वाचले, असं मोठ्याने म्हणणारा मीच होतो.

अर्ज गेला. आता महिन्याभरात कधीही अधिकारी येऊन जागा बघणार, तेव्हा नाव सांगणारं कुणीतरी तिथे हवं, हे मी जयवंतला तीनदा बजावलं. तिन्ही वेळा तो कौसल्याचं नाव घेऊन हसला. इकडे बायकांनी काम मिळालंच असं धरून टाकलं होतं. त्यातली थोरली गंगुबाई. चार घरची भांडी घासायची. तिने चारही घरं सोडली आणि एक जुनी पायाची मशीन आणली. मी म्हटलं, आधी नंबर तर येऊ द्या. ती म्हणाली, जयवंतभाऊ बघतायत ना सगळं.

चतुर्थी बुधवारी होती. जयवंत घरातला थोरला, गावच्या गणपतीला त्याच्याशिवाय पाटावर कोण बसवणार? सोमवारी रात्री परळ डेपोतून त्याची एसटी सुटली. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. पुढच्या सीटवर कौसल्या भेटली, म्हणून स्वारी खुशीत होती. तिला डेपोत वडापाव खायला घातला होता, तिच्या पोराला खिडकी दिली होती. पनवेल मागे पडल्यावर मात्र त्याच्या डोक्यात उजेड पडला होता.

"रघुवीर, ती हिकडे, मी हिकडे. मग थय कोण रे?"

कोकणातली बाई गणपतीला गावी जाणार हे कोकणातल्या माणसाला पनवेलपर्यंत सुचू नये, यावर मी त्याची दोन मिनिटं यथेच्छ टिंगल केली. मग म्हटलं, मी बसतो. दादरला घर माझं, चालत दहा मिनिटांवर. तू आरत्या म्हण.

मंगळवारी मी बसलोही, दिवसभर. टेबलावर मालकाचा मुलगा होता, कानात वायरी घालून. कुणी फिरकलं नाही. बुधवारी सुट्टी. गुरुवारी आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. सकाळपासून नातेवाईक, मोदकांची दुसरी खेप, पानं वाढायची घाई. अकरा वाजता मी चपला घातल्या, तेव्हा बायको म्हणाली, जेवून जा. मीही विचार केला, आज कोण येतंय? अधिकाऱ्याच्याही घरी गणपती असेलच की. चपला काढल्या.

ऑफिसला पोचलो तेव्हा चार वाजले होते. टेबलावर प्रिती नावाची मुलगी होती, एजन्सीने त्याच सकाळी बदलीवर पाठवलेली. मी विचारल्यावर तिने उत्साहाने सांगितलं, की साडेबाराला एक साहेब आले होते, कुठल्याशा गाऊनवाल्या फर्मचं नाव विचारत होते. तिने फलक वाचला, दोनदा वाचला. असं कुणी इथे नाही म्हणाली. साहेबांनी फलकाचा फोटो घेतला, तिचं नाव लिहून घेतलं आणि गेले.

चूक तिची नव्हती. साहेबांचीही नव्हती. फलकावर जे होतं ते दोघांनी वाचलं.

अर्ज फेटाळला गेला. मी लगेच दुसरा भरला, पण त्याचा नंबर सप्टेंबर संपताना आला. गाऊनचं काम अकरा तारखेलाच भिवंडीच्या कुणाकडे गेलं होतं. गंगुबाईच्या चार घरांपैकी तिघांनी नव्या बाया ठेवल्या होत्या. तिने मशीन विकायला काढली आहे, असं ऐकलं.

जयवंत गौरी-गणपती उरकून आला तो थेट माझ्याकडे. काय झालं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी तिथेच होतो रे, चहाला दहा मिनिटं खाली उतरलो आणि नेमका तेवढ्यात साहेब येऊन गेला. हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोलल्यावर ते इतकं खरं वाटलं, की मी चहा कुठल्या टपरीवर घेतला तेही सांगितलं.

त्याने मान हलवली. मग त्याचा राग हिंदमात्याकडे वळला. पाटी नको म्हणणारी ती, गावी जाताना बदलीच्या मुलीला नाव न सांगणारीही तीच. तो थेट ऑफिसच्या मालकाकडे गेला आणि सगळं ओकला. मालकाला बहुधा एक पगार कमी करायचाच होता. महिनाअखेर त्याने कौसल्याला घरी बसवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. माझ्याशी ती शुद्ध बोलायची, शाळेतल्यासारखं.

"काका, एक विचारायचं होतं. मी गाडीतूनच मालकाला फोन करणार होते, बदलीवर जी कुणी येईल तिला काकांच्या फर्मचं नाव सांगून ठेवा म्हणून. जयवंतकाकांनी थांबवलं. म्हणाले, आमचा रघुवीर बसणार आहे, काळजी नको. तुम्ही होता ना तिथे?"

मागे तिचा मुलगा पाढे म्हणत होता. चौदाचा.

"होतो," मी म्हटलं. "जरा चहाला खाली गेलो होतो."

तिने मुलाला पंधराचा घ्यायला सांगितलं.

"मग तुमचा तरी काय दोष, काका," ती म्हणाली, आणि कुठे नोकरी असेल तर बघा, असं सांगून तिने फोन ठेवला.