काटा सातशेवर होता

मित्रांनो, मनगटावर बांधलेला पाहून लोक मला घड्याळ समजतात. किती वाजले म्हणून कितीतरी जणांनी मला न्याहाळले आहे. पण माझ्याजवळ वेळ नाही. मला एकच काटा आहे आणि तो उंची दाखवतो. मी एक जुना उंचीमापक आहे. विमानातून उड्या मारणारी माणसे मला हाताला बांधतात आणि खाली पडता पडता माझ्याकडे बघतात, म्हणजे छत्री कधी उघडायची ते त्यांना समजते.

माझ्या पोटात पत्र्याची एक पातळ डबी आहे. वर हवा विरळ झाली की ती फुगते, खाली आले की आकसते आणि तसा काटा फिरतो. एवढीच माझी विद्या. जमीन कुठे आहे हे मला आपणहून कळत नाही. ते कुणीतरी मला सांगावे लागते. त्यासाठी माझ्या कुशीला एक लहानशी चावी आहे. ती फिरवून काटा शून्यावर आणला की मी समजतो, इथून मोजायचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्याचे वाटोळे या चावीपाशीच झाले.

सर्बियात, मोरावा नदीच्या काठी आमचे उड्यांचे मैदान आहे. तिथल्या वितोमिरने मला घेतले तेव्हा त्याचे केस काळेभोर होते आणि गुडघे शाबूत होते. तो शिकवणारा होता. रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की तो अंगठा जिभेला लावायचा, माझी चावी फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि काचेवर तीनदा टिचकी मारायचा. तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. त्या ओल्या अंगठ्याची मला इतकी सवय झाली होती, की तो लागल्याशिवाय माझा दिवस उजाडत नसे.

विमानाच्या दारात तो प्रत्येक शिकाऊ पोराच्या कानाशी ओरडायचा, "किती?" पोराने आपल्या मनगटाकडे बघून आकडा ओरडून सांगायचा. आकडा चुकला की उडी रद्द. कुणी कुरकुर केली तर वितोमिर म्हणायचा, "आधी काटा बघ, मग मला शिव्या दे. छत्री उशिरा उघडणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही बाबा, घाईघाईने पुरतात."

मैदानाच्या कडेला अक्रोडाचे झाड आहे आणि त्याखाली एक बाक. त्या बाकाचा एक नियम होता. उडी मारून आलेल्याने आधी आपली चूक सांगायची, मग फुशारकी. चूक लपवली तर सगळ्यांची कॉफी त्याने करायची. वैमानिक येफ्ता स्वतःही उड्या मारायचा. तो एकदा ऐटीत म्हणाला, "आज आपलं काही म्हणजे काही चुकलं नाही."

"मग तू उडीच मारली नाहीस," वितोमिर म्हणाला. "ऊठ, कॉफी टाक. आणि साखर मोजून घाल, कालची पाकात बुडाली होती."

सगळे हसले. पण मित्रांनो, त्या बाकावर मी जेवढे शहाणपण ऐकले तेवढे कुठल्या वर्गात ऐकले नाही. छत्रीची घडी घालताना गप्पा मारल्या म्हणून दोऱ्यांना पीळ पडला. वारा न बघता वळलो म्हणून कुंपणात गेलो. एकाची चूक ऐकून दहा जण वाचायचे. वितोमिरला या नियमाचा भारी अभिमान होता, कारण तो त्यानेच घातला होता.

नेवेना आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. गावातल्या बेकरीत कामाला असायची, केसांत नेहमी थोडे पीठ. पहिल्या उडीत ती टरबुजाच्या शेतात उतरली. बाकावर बसून म्हणाली, "चूक ही, की मी डोळे मिटले."

"आणि फुशारकी?"

"नंतर उघडले की!"

वितोमिर इतका हसला की मी त्याच्या मनगटावर नुसता हिंदकळत होतो. त्या दिवसापासून ती त्याची लाडकी. ती त्याला काका म्हणायची, तो तिला पोरी म्हणायचा. चार वर्षांत तिच्या शंभरावर उड्या झाल्या.

मग येलेनाकच्या पठारावरची जत्रा आली. दर उन्हाळ्यात तिथे देवळापुढे आख्खी मेंढरे भाजतात, तुताऱ्यांचे ताफे येतात आणि आमच्यातले तिघे झेंडा घेऊन वरून उतरतात. त्या वर्षी झेंडा नेवेनाकडे होता. विमानही तिथल्याच माळावर उतरणार होते, कारण जेवण कुणालाच सोडायचे नव्हते.

सकाळी वितोमिरने तिघांना अक्रोडाखाली उभे केले. "नीट ऐका. येलेनाक आपल्या मैदानापेक्षा सातशे मीटर उंच आहे. इथला शून्य तिथे चालत नाही. सगळ्यांचे काटे सातशे मागे, म्हणजे तिथे टेकल्यावर शून्य येईल." आणि त्याने स्वतःच्या हाताने तिघांचे काटे मागे घेतले. तो स्वतः उडी मारणार नव्हता. गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, तो फक्त दारात बसून त्यांना सोडणार होता. त्यामुळे मी राहिलो तसाच. कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर ओला अंगठा लागला होता आणि मी शून्यावर होतो, आमच्या मैदानाच्या शून्यावर.

इंजिन सुरू झाले. नेवेना पायरी चढताना तिचे मनगट दाराच्या कडेवर आपटले आणि तिच्या उंचीमापकाची काच फुटली. काटा वाकडा झाला.

"कपाळ माझं! काका, आता?"

"अहो, वऱ्हाड निघालंय का?" येफ्ता पुढून ओरडला. "बसा की लवकर, वरती मटण करपतंय!"

वितोमिरने मला सोडवले आणि तिच्या हाताला बांधले. "हा घे पोरी. तीस वर्षांत एकदाही खोटं बोललेला नाही."

मित्रांनो, तेव्हा मी काय करू शकत होतो? मला तोंड नाही. मला फक्त काटा आहे, आणि काटा चावीचे ऐकतो. सकाळचे बोलणे मी शब्दन्‌शब्द ऐकले होते. सातशे मागे, सातशे मागे, असे माझ्या पोटातल्या डबीत घुमत होते. पण विमान चढत गेले आणि मी गुमान आकडे दाखवत गेलो. समोरच्या दोघांच्या मनगटांवर माझे भाऊबंद होते. ते तीन हजारावर आले तेव्हा मी तीन हजार सातशेवर होतो. कुणीही एकदा इकडून तिकडे नजर टाकली असती तरी पुरले असते. पण नेवेनाच्या मांडीवर झेंड्याची पिशवी होती आणि मी तिच्याखाली दबलेलो होतो.

दार उघडले. "किती?" वितोमिरने पहिल्याला विचारले.

"तीन हजार!"

"किती?"

"तीन हजार!"

दोघे गेले. नेवेना दारात आली. माझी आशा जागी झाली. आता तो विचारेल, ती मला बघेल, तीन हजार सातशे म्हणेल, आणि तो तिचा पट्टा धरून तिला मागे ओढेल. वितोमिरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला नाही विचारत," तो ओरडला. "तू आता माझ्या बरोबरीची झालीस."

ती इतकी खूश झाली की हसतच बाहेर पडली.

पडताना तिने मला तीनदा बघितले. नियमाप्रमाणे एक हजारावर छत्री उघडायची होती. मी दोन हजार दाखवले तेव्हा खाली तेराशे उरले होते. मी पंधराशे दाखवले तेव्हा आठशे. ती शहाण्यासारखी माझ्यावर विश्वास ठेवत होती आणि मी तिला फसवत होतो. मला त्या वेळी फुटून जावेसे वाटले. तेवढ्यात तिला खालच्या मेंढरांचा धूर दिसला, वर केलेले चेहरे दिसले, एका माणसाची टोपी दिसली. मी अजून बाराशेवर होतो. तिने माझ्याकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि छत्री उघडली.

म्हणून ती जगली. पण वाऱ्याकडे तोंड वळवायला उंची उरली नव्हती. ती दगडी कुंपणावर आदळली आणि उजवा घोटा तीन ठिकाणी मोडला.

विमान माळावर टेकले तसा वितोमिर लंगडत पळत आला आणि तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. "हात दे पोरी, पट्टा सैल करतो." त्याने मला काढले आणि माझ्याकडे पाहिले. माझा काटा सातशेवर होता. जमिनीवर, कुंपणाजवळ, सातशेवर. याहून मोठ्याने मी ओरडू शकत नव्हतो.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. लोक धावत येत होते. त्याचा अंगठा माझ्या चावीवर आला. त्या दिवशी तो कोरडा होता. आणि काटा हळूच शून्यावर आला.

"काका, काटा बाराशेवर होता," नेवेना कण्हत म्हणाली. "देवाशपथ सांगते."

आमच्या उड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष रादिसाव यांनी मला वितोमिरच्या हातातून घेतले आणि डोळ्यांजवळ धरले. "काटा तर बरोबर आहे, बाळ. शून्यावर आहे. वाचायला चुकली असशील."

वितोमिर वाकून तिच्या बुटाची नाडी सोडू लागला. तो वाईट माणूस नव्हता हो. तो घाबरला होता. पण मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला, कारण ज्या चावीने मला खरे बोलता येत होते तिनेच माझे तोंड बंद केले होते.

दीड महिन्याने ती प्लास्टर घालून बाकावर आली. नियम म्हणजे नियम. "चूक सांग," रादिसाव हळूच म्हणाले.

"काटा वाचायला चुकले."

"आणि फुशारकी?"

"काही नाही."

वितोमिर कॉफीच्या पेल्यात बघत बसला. जाताना त्याने सवयीने चावी फिरवून मला पुन्हा मैदानाच्या शून्यावर आणले आणि तिच्या हातात ठेवले. "तुझ्याकडे राहू दे. मला आता नको." तिला वाटले काकांनी मान दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मग मी बेकरीत भट्टीशेजारी खिळ्याला लटकलो. ती परत मैदानावर गेली नाही. घोटा भरून आला, थोडी लंगडायची, पण कारण ते नव्हते. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. भट्टीची उष्णता किती झाली हेसुद्धा ती शेजारणीला विचारायची. "तू वाच गं. माझा काही भरवसा नाही." मी चार हातांवर लटकत होतो आणि मला माहीत होते की ती चुकली नव्हती. वर्षभर मी ते ऐकत राहिलो. एखाद्या वस्तूलाही रडता आले असते तर बरे झाले असते.

पुढच्या उन्हाळ्यात जत्रेला पाव पोचवायचे काम बेकरीकडे आले. निघताना तिला काय वाटले कोण जाणे, तिने मला खिळ्यावरून काढून हाताला बांधले. गाडी घाट चढू लागली आणि माझ्या पोटातली डबी फुगू लागली. शंभर. तीनशे. पाचशे. पठारावर टोपल्या उतरवताना तिची बाही वर सरकली आणि तिने मला पाहिले.

मी सातशेवर होतो.

तिने टोपली खाली ठेवली. कितीतरी वेळ ती बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. बाराशेतून सातशे. पाचशे. टोपी दिसेल एवढे पाचशे. मग ती लंगडत, तुताऱ्यांच्या गलक्यातून, आमची मंडळी जेवायला बसली होती तिथे गेली आणि वितोमिरच्या ताटावर हात धरला.

"काका, किती?"

त्याने घास खाली ठेवला. मग तिच्या मनगटाकडे पाहिले.

"सातशे," तो म्हणाला.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही सातशेच होते, पोरी. मी शून्य केले."

येफ्ताच्या हातातला काटा-चमचा तसाच राहिला. वितोमिर टेबलाला धरून उभा राहिला आणि बाकावर बोलावे तसा सगळ्यांसमोर बोलला. "आधी चूक. काटा मी मागे घ्यायला विसरलो. दारात तिला विचारले नाही. आणि नंतर लपवले. शेवटची सगळ्यात मोठी." "फुशारकी माझी नाही, तिची आहे. मी बांधलेला काटा खोटा होता, तिने डोळ्यांचं ऐकलं. म्हणून ती इथे उभी आहे."

नेवेना खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. "मी बरोबर वाचला होता," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी बरोबर वाचला होता."

मित्रांनो, सगळे ठीक झाले असे मी सांगणार नाही. तिचा घोटा उड्या मारण्यासारखा राहिला नाही. वितोमिरने शिकवणे सोडले. तो आता बाकावर येतो, एका टोकाला बसतो आणि न सांगता सगळ्यांची कॉफी करतो. नेवेना रविवारी पाव घेऊन येते. कधी त्याच्याशी बोलते, कधी नाही.

मला आता विमानाच्या दाराशी टांगले आहे. काच खरवडली आहे, पट्टा उसवला आहे, पण डबी अजून फुगते. मला पुसा, मला जपा असे मी म्हणत नाही. माझी एकच विनवणी आहे. समोरचा कितीही जुना असो, कितीही लाडका असो, दारात त्याला एकदा विचारा, किती? आणि त्याच्या मनगटावर जो असेल त्याच्याकडेही बघा. त्या दिवशी मी झेंड्याच्या पिशवीखाली तीन हजार सातशे म्हणत होतो. कुणी विचारले असते तर मी सांगितले असते.