हलीमाला दूध कोणाचं?

हर्षालीची ड्यूटी संपली होती, पण एप्रन काही अंगावरून उतरत नव्हता. नाशिकच्या त्या इस्पितळात ती दुग्धपेढी सांभाळायची. ज्या बाळंतिणींना दूध जास्त येतं त्यांच्याकडून ते घ्यायचं, तपासायचं, तापवून जंतू मारायचे आणि ज्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांना पोचवायचं. मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या मुलीला हे काम सोपं वाटावं. सोपं होतंही. माणसं अवघड होती.

आज मनमाडच्या जैतूनबी अडून बसल्या होत्या. त्यांची नात दिवस भरण्याआधीच जन्मली होती आणि काचेच्या पेटीत होती. सून तापाने फणफणलेली, तिला दूध नव्हतं. पावडरचं दूध या कोवळ्या आतड्यांना सोसेल अशी डॉक्टरांना खात्री नव्हती, आणि पेढीचं दूध जैतूनबींना नको होतं. दूध तपासलेलं असतं हे हर्षालीने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. पण त्यांची शंका रोगाची नव्हतीच. त्यांच्या धर्मात ज्या बाईचं दूध बाळ पितं, ती त्याची आई होते. तिची मुलं त्याची भावंडं होतात, त्यांच्यात पुढे लग्न चालत नाही. पेढीत तर चौघी-पाचजणींचं दूध एकत्र होतं, आणि देणारीचं नाव कोणाला सांगत नाहीत.

“कोणाचं ते सांग, बेटी. मी कुठं नको म्हणते?” जैतूनबी म्हणाल्या.

तेवढंच सांगायची हर्षालीला परवानगी नव्हती. ती त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसली. तिने नातीच्या नावाचा अर्थ विचारला. नाव हलीमा ठेवलं होतं.

हलीम म्हणजे राग येऊनही न रागावणारा, मन शांत ठेवणारा, असं जैतूनबींनी सांगितलं. आणि हलीमा म्हणजे पैगंबरसाहेबांना लहानपणी दूध पाजणारी वाळवंटातली बाई. बाळाला बाप नव्हता, मोबदला कोण देणार, म्हणून बाकीच्या दाया त्याला घेईनात. हिने घेतलं. हिचं स्वतःचं दूध आटलेलं होतं. ते बाळ घेतलं आणि दूध भरून आलं.

“म्हणूनच तर म्हणते,” जैतूनबी म्हणाल्या, “चौदाशे वर्षं झाली, तिचं नाव लोक विसरले नाहीत. आणि माझ्या नातीला पाजणारीचं नावच नको?”

हर्षालीचे डोळे थकव्याने मिटायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या बाकड्यावरून साळूबाई उठून आल्या, हातात स्टीलचा डबा घेऊन. त्या हरसूलच्या. त्यांची सून संजना आत बाळंतीण होती. त्यांनी डबा उघडून जैतूनबींपुढे धरला.

“हलीम हलीम करताय मघापासून. घ्या की. सुनेला द्या, दूध लय येतं.”

डब्यात हळिवाचे लाडू होते. दुकानात हळिवाला काही जण हलीमच म्हणतात, हे हर्षालीच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

“अहो बाई, हलीमा माझी नात आहे,” जैतूनबी म्हणाल्या. “खायची चीज नाही.”

साळूबाई ओशाळल्या, पण डबा मागे घेतला नाही. मग काय अडलंय ते त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि ऐकून उठून सुनेकडे गेल्या.

संजना स्वतःच चालत आली, भिंतीला धरून. ती पेढीला दूध देतच होती, तिचे सगळे रिपोर्ट हर्षालीने पाहिलेले होते. पण हे हर्षाली बोलू शकत नव्हती. ते संजनानेच बोलून टाकलं.

“माझं द्या. नाव सांगायला मला काय व्हतंय?”

साळूबाईंनी विचारलं, आपल्या नातवाला कमी पडलं तर? संजना म्हणाली, पडणार नाय.

देणारीने स्वतः नाव सांगितलं तर हरकत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. म्हणजे संजनाचं दूध इतरांत न मिसळता वेगळं तापवायचं. म्हणजे यंत्र पुन्हा धुवायचं, पुन्हा लावायचं, आणि थंड होईपर्यंत उभं राहायचं. हर्षालीने सुटलेले केस टोपीत कोंबले.

काचेच्या दारातून तिला बाहेरचं दिसत होतं. जैतूनबींनी मनमाडला फोन लावला होता. मुलगा, जावा, नणंद, एकेकाला फोनवर बोलावून त्या तेच वदवून घेत होत्या. संजना, हरसूलची. तिच्या मुलाचं नाव रुद्र. परत म्हण.

एकाला रुद्र म्हणता येईना. जैतूनबी न रागावता पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, आणि आत यंत्र सावकाश तापत राहिलं.