पाचव्यांदा ‘भाषा निवडा’

२००९ साली मावशीचा जुना संगणक कायमचा बंद पडला. अकरा वर्षं खपून केलेल्या तिच्या शब्दकोशाची नक्कल हाती होती, पण ती जुन्या संगणकप्रणालीतच उघडे, आणि सोमवारी छापखाना गाठायचा होता. म्हणून भाचीने नव्या संगणकाच्या पोटात आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभा केलेला, संगणक मांडून त्यात जुनी प्रणाली बसवायला घेतली. बसवून झालं, की तो पुन्हा सुरू होई आणि पहिलाच प्रश्न विचारी, ‘भाषा निवडा.’

“चारदा सांगितलं ना याला! बहिरा आहे का मेला?” मावशी रडकुंडीला आली.

भाचीने कपाळावर हात मारला. “मावशी, चूक माझी. बसवायची सीडी आतच राहिलीय. तो दर वेळी तिच्यावरूनच सुरू होतोय, म्हणून पुन्हा पहिल्यापासून विचारतोय.”

“मग काढ की बाई!”

सीडी निघाली, शब्दकोश उघडला.

तो वेळेवर छापला गेला. भाची पुढे संगणक शिकवू लागली, आणि मावशी शेवटपर्यंत दुसऱ्या आवृत्तीचे शब्द जमवत राहिली.