काचेची शेगडी आणि टाचण्यांचा चुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, पाठीवरचा लाल रंग बराचसा उडालेला. मित्रांनो, कारखान्यात मला ओतलं तेव्हा मी धातूचा साधा तुकडा होतो. मग तारेच्या मोठ्या वेटोळ्यात ठेवून क्षणभर वीज सोडली आणि शेजारचा खिळा उडी मारून मला चिकटला. तेव्हापासून मला एकच कुतूहल आहे. माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही?

निपाणीच्या बाजारातून शिवलीलाबाईंनी मला आणलं. त्या ब्लाउज शिवायच्या. संध्याकाळी जमिनीवरून मला फिरवलं की सांडलेल्या टाचण्या मला बिलगायच्या. "हा नसता तर कुणाच्या तरी पायात टाचणी मोडली असती," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मला फार बरं वाटायचं. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, मशीन बंद पडलं आणि मी शिवणाच्या डब्यात कित्येक वर्षं पडून राहिलो.

त्यांची लेक पवित्रा बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. तिला सातवा महिना लागला. बाहेरचं जेवण तिला पचेना, म्हणून शिवलीलाबाई भांड्यांचं पोतं घेऊन आल्या. बाळाची झबली शिवायची म्हणून माझा डबाही आणला.

पण त्या फ्लॅटमध्ये गॅस नव्हता, काचेची इंडक्शन शेगडी होती. शिवलीलाबाईंनी तिच्यावर आपला अॅल्युमिनियमचा कुकर ठेवला. शेगडी टुकटुक करून बंद झाली. पितळी पातेलं ठेवलं, तरी तेच.

"माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या.

"राहू दे आई, मी मागवते," पवित्रा म्हणाली. मागवलेला भात तिने दोन घास खाऊन बाजूला सारला.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शिवलीलाबाईंनी पवित्राला परतीचं तिकीट काढायला लावलं आणि त्या भांडी पुन्हा पोत्यात भरू लागल्या.

"लेकीच्या घरी बसून खायला आले का मी? उद्याच्या गाडीनं जाते."

 पवित्राचे डोळे भरले.

तेवढ्यात बिडाचा तवा उचलताना तो माझ्या उघड्या डब्याला घासला आणि मी टक्कन त्याला चिकटलो. शिवलीलाबाईंनी मला ओढून काढलं आणि सहज कुकरला लावलं. मी घसरून पडलो. पितळी पातेल्यावरूनही घसरलो.

पवित्रा बघत होती. "आई, थांब. हा ज्याला चिकटतो तेच या शेगडीवर तापतं. काचेखाली तारेचं वेटोळं आहे. ते भांड्याच्या तळालाच तापवतं. वाचलं होतं मी, डोक्यातून गेलंच."

तारेचं वेटोळं! म्हणजे ती शेगडी माझ्या नात्यातलीच होती.

तवा ठेवला आणि शेगडी मुकाट चालू झाली. "हळूहळू आच वाढव," पवित्रा म्हणाली, "आणि तवा सरकवू नको, उचलून ठेव. काचेवर ओरखडे पडतात." जाळ नव्हता, म्हणून शिवलीलाबाईंनी ज्वारीची भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवली. पवित्राने दोन खाल्ल्या.

मला जरा गर्व झाला. लोखंडी कढईलाही मी घट्ट चिकटलो, पण शेगडी पुन्हा टुकटुकली. कढईचा तळ गोल होता, काचेला तो जेमतेम टेकत होता. मला लोखंड कळतं, सपाटी कळत नाही.

कुकर घ्यायला आम्ही कोपऱ्यावरच्या कल्लाप्पांच्या दुकानात गेलो. ते बेळगावचे. दोन स्टीलचे कुकर दिसायला अगदी सारखे. एकाच्या तळाला मी पक्का बसलो, दुसऱ्यावरून मात्र घसरलो. दोन्ही स्टीलच, मग असं का? कल्लाप्पा हसले.

"स्टीलमध्येही प्रकार असतात, अक्का. दुसऱ्याच्या तळात लोखंडी थर नाही. चुंबक लावलात ते सरी, बरोबर केलंत. आता तळावर पट्टी आडवी धरा, मधे फट दिसते का बघा. आणि तळ शेगडीवरच्या गोलाएवढा हवा, फार लहान नको."

शिवलीलाबाईंनी पट्टी धरली, टेपने गोल मोजला. आयुष्यभर मापं घेतलेले हात ते.

संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली. पवित्राने आमटीभात पुन्हा मागून घेतला. तिचं जेवण होईपर्यंत शिवलीलाबाई समोर बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ते तिकीट रद्द कर बघू."

मित्रांनो, मला उंचावरून आपटू नका आणि तापलेल्या शेगडीजवळ ठेवू नका, माझी ओढ कमी होते. आणि एखादं भांडं टाकून देण्याआधी ते उलटं करून त्याचा तळ बघा. जे माझ्याकडे येत नाही ते वाईट नसतं, त्याची चूल वेगळी असते.

आता थांबतो. शेजारची सुखदा दारात आली आहे. पुण्याहून नवीनच राहायला आलीय.

"काकू, तुमचा मॅग्नेट मिळेल का जरा?"

"एकटा नाही द्यायची," शिवलीलाबाई मला पदराने पुसत म्हणाल्या. "तळ सपाट आहे का ते त्याला समजत नाही. चल, मीच येते."