आइंडहोवन तर आपलंच

अमेरिकेत निवडणूक लागली की नेदरलँड्समधल्या मराठी माणसाच्या अंगात येतं. मत तिथं नाही, इथल्या संसदेसाठीही नाही, पण पेनसिल्व्हेनियात काय होणार हे सगळ्यांना तोंडपाठ. दिवाळी फराळाला इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विनायकराव ताटात चकलीचे तुकडे मांडून राज्यं समजावत होते. विनायकराव आइंडहोवनला चिपच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं मिशिगन हरीशने बोलता बोलता खाऊन टाकलं.

हरीशची बायको सुचेता यंदा अध्यक्षपदाला उभी राहणार होती. आजवर मंडळात निवडणूक झालीच नव्हती. चहा व्हायचा, कुणीतरी "विनायकरावच बरे" म्हणायचं, की झालं बिनविरोध. सुचेता डिपेंडंट व्हिसावर आलेली. आता झुइडओस्टमध्ये स्वतःचं अकाउंटिंगचं ऑफिस चालवत होती. तरी मंडळात ती अजून 'हरीशची मिसेस'च. तिने नवऱ्याला बजावलं होतं, की तू मध्ये पडू नकोस, मी माझ्या जिवावर जिंकणार.

मध्ये न पडणं हरीशला या जन्मी जमणार नव्हतं. त्याने तिथेच पिल्लू सोडलं. "विनायकराव, आपणही अमेरिकन पद्धतीनेच करू की."

म्हणजे प्रत्येक गावाला तिथल्या सभासदांच्या मानाने पॉइंट, आणि जो गाव जिंकेल त्याला त्या गावचे सगळे. आइंडहोवनला दहा, झुइडओस्टला सात, नीउ-व्हेनेपला पाच, ग्रोनिंगनला तीन. विनायकरावांनी मनातल्या मनात बेरीज केली. आइंडहोवनची निम्मी पोरं त्यांनीच नोकरीला चिकटवलेली. पंचविसातले तेरा हवेत, म्हणजे उरले तीन, ते ग्रोनिंगनचे मिळाले की खुर्ची पक्की. त्यांनी लगेच होकार दिला, वर लोकशाहीवर दोन वाक्यंही बोलले.

मग काय, सगळा प्रचार ग्रोनिंगनला. तिथं मंडळाचे डझनभर विद्यार्थी, आणि त्यांची म्होरकी ऋजुता. एका शनिवारी सुचेता पुरणपोळ्या घेऊन गेली, पुढच्या शनिवारी विनायकराव बासुंदी घेऊन. ऋजुता डबा उघडत म्हणायची, "अजून नक्की ठरलं नाही हो." ठरवण्याची घाई तिला का असावी?

आइंडहोवनला कुणी फिरकलं नाही. "ते तर आपलंच," विनायकराव म्हणायचे.

हरीश मात्र गेला. जुनी सायकल बघायला, असं सांगून. मत त्याने कुणाकडे मागितलंच नाही. घरोघरी चहा घेतला आणि उसासा टाकला, की सुचेता हरणार ते ठीक आहे हो, पण तुमच्या गावात तिला शून्य पडलं तर मनाला लावून घेईल बिचारी.

निकालाला सगळे नीउ-व्हेनेपच्या हॉलमध्ये जमले. झुइडओस्ट आणि नीउ-व्हेनेप सुचेताला, पण अगदी काठावर. ग्रोनिंगन बासुंदीला, एकजात. विनायकराव झब्बा सारखा करून माइककडे निघाले. तेवढ्यात आइंडहोवनचा निकाल आला. सुचेता, एका मताने.

आइंडहोवनचे इंजिनिअर बुटांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटत होतं, दयेपोटी मत आपण एकट्यानेच दिलंय.

विनायकरावांनी फोनवर बेरीज केली. एकूण मतं त्यांनाच जास्त होती.

"तिकडेही असं होतं कधी कधी," हरीश म्हणाला. "तुम्हीच समजावलंत ना."

विनायकराव खाली बसले. "एका मताने," ते पुटपुटले. "अहो, ते माझंच असणार. स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही. आणि हरीश सांगून गेला होता, वहिनींना शून्य पडलं तर त्या मनाला लावून घेतील."

सुचेताने वळून नवऱ्याकडे पाहिलं. हरीशला एकाएकी छतावरचे दिवे फार आवडले.

कुणीतरी हळूच फेरमतदानाचं सुचवलं.

"का म्हणून?" सुचेता म्हणाली. "मत का दिलं हे अमेरिकेतही विचारत नाहीत. विनायकराव, खुर्ची माझी."

विनायकरावांनी मान डोलावली. तिने माइक हातात घेतला, मग खाली ठेवला आणि हरीशजवळ आली.

"पुढच्या वर्षी सरळ डोकी मोजायची," ती हळू आवाजात म्हणाली. "बघू दे मला, माझी मतं किती आहेत ती. आणि तेव्हा तू महिनाभर पुण्याला जाऊन राहायचंस."