आडावरची हळद

मला पाहून तुम्ही जुनी चादर समजाल, मित्रांनो. आहे मी मांजरपाटाचाच, पण माझ्यावर परभणीच्या स्टेशनामागची एक अख्खी वस्ती काढलेली आहे. मी नकाशा आहे, एकेकाळी बराच नावाजलेला.

माझा जन्म शहाऐंशी सालचा. वस्तीच्या मधोमध एक जिनिंग फॅक्टरी होती. ती बंद पडली, आणि रिकाम्या गोदामात कुण्या व्यापाऱ्यानं पिकावर फवारायच्या औषधाची पोती भरून ठेवली. पोती भिजली, फुटली, तेव्हा त्यानं ती आवारातच जागोजागी पुरून टाकली. त्या उन्हाळ्यात तिथल्या डबक्यावर पाणी पिऊन दोन म्हशी दगावल्या. नगरपालिकेत गेलं की एकच उत्तर मिळे, "नेमकं कुठं ते दाखवा."

नामांतराच्या बंदमुळे शाळा बंद होती, म्हणून नागनाथ मास्तर मोकळे होते. त्यांनी मला मारुतीच्या ओट्यावर अंथरलं आणि फॅक्टरीतल्या जुन्या कामगारांना म्हणाले, "तुमी सांगा, मी नुसत्या रेघा ओढतो."

मग काय विचारता! बॉयलरवर वीस वर्षं काढलेल्या चंद्रप्पानं डोळे मिटून भोंगा, प्रेस, तेलाचा घाणा, सगळं पावलांच्या हिशेबानं सांगितलं. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायांची मुकादमीण कस्तुराबाई त्याला दर दोन वाक्यांनी चुकीत काढत होती. जुन्या इमारती गेरूनं रंगवल्या, चांगलं पाणी निळीनं, आणि जिथं विष पुरलं होतं तिथं काजळीचे काळे ठिपके दिले. आपल्या अंगावर इतक्या माणसांची आठवण उतरते आहे, याचा मला फार गर्व वाटत होता.

शेवटी फॅक्टरीच्या भिंतीलगतचा आड आला.

"ह्याच्या कडंलाच चार पोती पुरल्यात," चंद्रप्पा म्हणाला. "काळं लावा."

कस्तुराबाईनं मास्तरांचा हात धरला. "न्हाई लावू देनार. सव्वा महिन्याला माज्या सुनंनं ह्योच आड पुजलाय. वस्तीतल्या समद्या बाळंतिणी हितंच येतात. त्याला काळं फासलं तर लेकरांवर येईल."

"पन मावशी, पानी खराब हाय."

"मग पितंय कोन? ठाऊकच हाय की समद्यास्नी!"

मास्तरांनी काजळीची वाटी बाजूला सारली. चंद्रप्पानं ती उचलून ओट्याखाली ठेवली. कस्तुराबाईनं बोटानं त्या जागी हळद लावली, वर कुंकू टेकवलं. कोपऱ्यात मास्तरांनी रंगांचे अर्थ लिहिले, त्यात हळदीचा अर्थ काही लिहिला नाही.

मला समाजमंदिरात टांगलं. नगरपालिकेचे साहेब आले, त्यांनी कौतुक केलं, काळे ठिपके पाहून तीन जागा उकरल्या आणि तिथली पोती नेली. आडाकडे कुणी फिरकलंच नाही. मी मात्र हारतुरे घेऊन फुशारलो होतो.

दोन वर्षांनी नळ आटले. आठ-आठ दिवस पाणी येईना. चुडाव्याहून नुकतीच राहायला आलेली चतुराबाई दुपारी रिकामी घागर घेऊन समाजमंदिरात आली. वस्ती कामावर गेलेली, विचारायला कुणी नाही. तिला अक्षर येत नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली, काळ्या ठिपक्यांवरून तिची नजर सरकली आणि हळदीवर थांबली.

"हळदकुकू वाह्यलंय. चांगलंच पानी असंल," ती आपल्या मुलीला म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. कापडाला तोंड कुठलं?

पाण्याला वास होता, पण वापरात नसलेल्या आडाचं पाणी असंच असतं, असं तिला वाटलं. रोज दुपारी ती एक घागर नेई. महिन्याच्या आत तिच्या सहा वर्षांच्या रुक्माला झटके आले. दवाखान्यात पोर वाचली, पण तिच्या हातांचा कंप गेला नाही.

मग एके सकाळी कस्तुराबाई वाटीत काजळी घेऊन आली. हळदीच्या डागावर ती बोट घाशीत राहिली. मागे चतुराबाई केव्हा येऊन उभी राहिली, तिला कळलं नाही.

"मावशी, तुमाला ठाऊक होतं?"

"होतं बाई. समद्यास्नी ठाऊक होतं."

"मंग मला कोन सांगनार होतं?"

कस्तुराबाई तिथंच खाली बसली आणि रडू लागली. चतुराबाईनं तिला उठवलं नाही.

पण तो प्रश्न माझ्यासाठी होता, मित्रांनो. ज्याला सगळं ठाऊक आहे, त्याला नकाशा लागतच नाही. मी परक्या माणसासाठी होतो, आणि एवढं एक काम माझ्याच्यानं झालं नाही. आता चौऱ्याण्णव साल आहे. मी मास्तरांच्या ट्रंकेत घडी घालून पडलो आहे, कडेला कसर लागली आहे, आणि त्याची मला फारशी खंत नाही. रुक्मा बारा वर्षांची झाली आहे. मास्तरांकडे ती शिकायला येते, तेव्हा पाटीवर पेन्सिल टकटक वाजते, ते मला आतून ऐकू येतं. तुम्ही कधी आपल्या गल्लीचा नकाशा काढाल, तेव्हा जे दाखवायला मन धजत नाही, ते आधी दाखवा. बाकीचं सावकाश काढलं तरी चालेल.