उजव्याला मिळालेली सुई

मी शिवरंजनीचा डावा डोळा बोलतोय. मला पोट नाही, तरी उजव्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं.

मुरुम गावात तिच्या वडिलांचं, आप्पांचं, शिवणाचं दुकान आहे. ती तिथंच वाढली. आम्ही दोघं जन्मापासून अधू. दिवस कलला की आमच्यापुढं काळोख. त्यातल्या त्यात मला जरा बरं दिसायचं. म्हणून पुस्तक माझ्यापाशी धरलं जायचं, दोरा मी ओवायचो. बारावीचे पेपर मी वाचले. उजवा नुसता शेजारी बसून असायचा.

तेविसाव्या वर्षी हैदराबादच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आप्पांना समजावलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पेशींमधलं एक जनुक बिघडलंय. चांगलं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरायचं आणि सुईनं पडद्याखाली सोडायचं; विषाणू ते पेशींत पोचवतो. उपचार अजून चाचणीत होता, म्हणून एकाच डोळ्याला, आणि तोही जास्त अधू असलेल्याला. काही बिघडलं तर चांगला डोळा हाताशी राहावा.

चांगला म्हणजे मी. इतकी वर्षं राबलो ते हे ऐकायला. खरं सांगतो, उजव्यावर पट्टी होती तेव्हा ती सुई वाया जावी असं मला वाटायचं.

सुई दिल्यावर महिन्यानं एका दिवेलागणीला आप्पांनी दुकानातले दिवे लावलेच नाहीत. त्यांनी मला तळहातानं झाकलं आणि रीळ तिच्यापुढं धरलं.

"ह्यो कुठला रंग?"

"मोरपंखी," ती म्हणाली.

मग त्यांनी उजवा झाकला. मला रीळसुद्धा दिसलं नाही. आप्पा स्टुलावर बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता संध्याकाळचं काम उजवा करतो. माझं अंधुक दिसणं मधे येतं म्हणून ती मला रुमाल बांधून झाकते. हे फार लागतं.

परवा तपासणीत तिनं आपणहून विचारलं, "मॅडम, डाव्याचं काय? आजवर सगळं त्यानंच बघितलंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाचणीचे निकाल येऊ देत, आत्ता शब्द देता येत नाही.

तिनं माझी आठवण ठेवली, म्हणून मी थोडा निवलो. हेवा गेला असं मात्र म्हणणार नाही. माझ्यातल्या पेशी हळूहळू मरतायत, आणि मेलेल्या पेशीला कुठलंच जनुक उपयोगाचं नाही. निकाल बघणाऱ्यांनो, जरा लवकर बघा. उजव्यापेक्षा जास्त नको मला. पण कमीही नको.